डबा रिकामा का द्यायचा नाही

प्रिय बाळा,

परवा शेजारच्या फिलिपिनो काकूंचा डबा परत द्यायला तुला पाठवत होते, तेव्हा तू दारातच थांबलास. "धुऊन दिला की झालं ना? त्यात संत्री कशाला? हे कॅथलिक लोकांचं आहे की मराठी लोकांचं?" मी म्हटलं, "आजीला विचारायला हवं होतंस," आणि पुढे मला बोलवेना. आज नोव्हेंबरची 2 तारीख, मृतांचा दिवस. वसईत आजोबा झेंडू आणि मेणबत्त्या घेऊन आजीच्या कबरीवर गेले असतील. मी इथे कॅनडात, ब्रॅम्प्टनला बसून तुला उत्तर लिहिते आहे.

रीत मराठी आहे. आलेलं भांडं रिकामं पाठवायचं नाही, काहीच नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. पण मला ती शिकवली तुझ्या आजीने, जिचा दिवस पहाटेच्या मिस्सेशिवाय, म्हणजे चर्चमधल्या उपासनेशिवाय, उजाडत नसे.

तुझ्या प्रश्नातलं ते 'की' आजीला कधी पडलंच नव्हतं. 1534 साली वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली आणि 1739 साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत आपले पूर्वज ख्रिस्ती झाले. पोर्तुगीज निघून गेले, चर्च राहिली, आणि विहिरीवर, चुलीपाशी बोलायची भाषा होती तीच राहिली. फक्त मिस्सा तेवढी लॅटिनमध्ये व्हायची. कॅथलिक धर्मगुरूंच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1960च्या दशकात, तीही मराठीत आली. आजी तेव्हा शाळेत होती. वेदीवरून पहिल्यांदा आपली भाषा ऐकली तेव्हा तिच्या आईने पदर डोळ्यांना लावला होता, हे ती मला किती वेळा सांगायची!

2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. आजीने पेपरातला त्यांचा फोटो कापून येशूच्या तसबिरीखाली लावला. तिला ते परके नव्हतेच. 1980च्या दशकाच्या अखेरीस टँकरवाले वसईच्या विहिरी उपसू लागले, तेव्हा फादर लोकांना घेऊन उभे राहिले. त्या हरित वसईच्या मोर्चात आजी मला कडेवर घेऊन चालली होती. मला त्यातलं काही आठवत नाही, पण गावातल्या बायका अजून सांगतात.

डब्याचं खरं उत्तर मात्र तिच्या बुधवारांत आहे. चर्चमधल्या विन्सेंट डी पॉल सोसायटीत ती तीसेक वर्षं होती. ही संस्था 1833 साली पॅरिसमध्ये काही तरुण विद्यार्थ्यांनी सुरू केली. तिची पद्धत अशी, की गरजूला दारात बोलवायचं नाही, आपणच दोघांनी मिळून त्याच्या घरी जायचं. आजी निघायची ती खाकी कापडी पिशवी घेऊन. त्यात जपमाळ, कुणाच्या तरी रेशनकार्डाची झेरॉक्स, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, एक कंगवा आणि पेजेचा स्टीलचा डबा. कंगवा वाडीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या एका म्हातारीसाठी होता. ती हिंदू होती आणि अंथरुणाला खिळलेली. आजी तिचे केस विंचरून, बारीकशी वेणी घालून मगच उठायची.

सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचे. घरात शिरल्यावर ती 'काय हवं?' असं कधी विचारत नसे. आधी त्यांच्याकडेच पाणी मागायची. सावकाश तांब्या संपवायची, मग डबा पुढे करायची. पुढच्या बुधवारी तो डबा परत मिळे, तेव्हा त्यात एखादं लिंबू, मूठभर शेवग्याचा पाला, कधी चार चिंचा असत. मी बारा वर्षांची असेन. घरी येताना मी म्हटलं, "त्यांच्याकडे खायला नाही आणि तू त्यांच्याकडून घेतेस?" आजी रस्त्यातच थांबली. तिचा तो चढलेला आवाज अजून कानात आहे. "घेऊ नको तर काय करू? दर वेळी माझाच हात वर? जरा तिचाही होऊ दे की!"

म्हणून त्या संत्र्यांशिवाय मी तुला दाराबाहेर जाऊ दिलं नाही.

आजोबांचं आणि तिचं काय, हेही तुला माहीत असावं. ते मोगऱ्याच्या कळ्या घेऊन पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात जायचे. ती त्यांच्याआधी तासभर उठून फडकी ओली करायची, कळ्या बांधून द्यायची, बॅटरी घेऊन त्यांना बांधापर्यंत पोचवायची आणि तशीच चर्चला जायची. आजोबा रविवारखेरीज मिस्सेला जात नसत. तिने त्यावरून त्यांना कधी बोल लावला नाही. त्यांच्या नावाची रोझरीही, म्हणजे जपमाळेची प्रार्थनाही, तीच करायची.

ती गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. आपल्या घरी आठवडाभर चूल पेटू दिली नाही लोकांनी. सकाळ-संध्याकाळ डबे येत होते. सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर स्वयंपाकघरात पाहिलं तर ओट्यावर, फळीवर, जमिनीवर दुसऱ्यांचीच भांडी. मी एकेक उलटं करून बुडावर घातलेली नावं वाचत होते. लोपीस, वर्तक, म्हात्रे, घोन्सालविस, पाटील. आजोबा आत आले, भांड्यांकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "यांत काय घालायचं? हे सगळं तीच बघायची." शेजारच्या काकी म्हणाल्या, "राहू द्या हो, आत्ता कोण बघतंय!" आजोबा काही न बोलता मागच्या दाराने वाडीत गेले. परत आले तेव्हा धोतराच्या ओच्यात कळ्या होत्या. प्रत्येक डब्यात त्यांनी एक-एक ओंजळ घातली, झाकणं लावली, आणि स्वतः सायकलवरून घरोघरी देऊन आले. दोन दिवस लागले त्यांना.

एका डब्यावर नाव नव्हतं. गावभर विचारलं, कुणी आपला म्हटला नाही. तो अजून ओट्यावरच आहे, आजोबा त्यात साखर भरून ठेवतात.

तुझी
आई