गेम डिझाइनच्या क्लासमध्ये पबजी अभ्यासाला असते म्हणजे मुलं नुसती खेळतच बसतात का?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. हाच प्रश्न माझ्या बाबांनी मला विचारला होता, फक्त जरा वरच्या पट्टीत. तुमचा मुलगा खानापूरहून रोज बेळगावला गेम डिझाइनच्या क्लासला येतो, पहिल्याच सत्रात बीजीएमआय, म्हणजे भारतातली पबजी, अभ्यासाला आहे, आणि रात्री अकराला हातात मोबाइल कशाला म्हणून विचारलं तर 'होमवर्क आहे' म्हणतो. फी भरून खेळायलाच शिकवतात का, असं तुम्ही विचारलंय.

खेळावं लागतं, ते नाकारत नाही. पण आमच्या वर्गात पहिले पंधरा दिवस कुणी मोबाइलला हात लावला नव्हता. २०२३ च्या मे महिन्यात गेम परत सुरू झाली, त्यानंतरची आमची बॅच. (पबजी मोबाइलवर २०२० मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये ती बीजीएमआय नावानं आली, २०२२ मध्ये पुन्हा गायब झाली. आमच्याकडे नाव काही बदललं नाही, सगळे पबजीच म्हणतात.)

पहिला गृहपाठ असा होता: दुसरा कुणी खेळत असताना शेजारी बसायचं, घड्याळ लावायचं आणि तो काय करतो ते वहीत मांडायचं. मी बेळगावातल्या वडगावचा, घरी माग. मागाचा खडखडाट थांबल्यावर आतेभाऊ आमच्या पडवीत येऊन खेळत बसायचा, त्याच्याच शेजारी बसलो. "एवढा शिकलास आणि दुसरा खेळताना बघत बसायलास होय?" म्हणाला. त्याच्या टीममध्ये चौघं, त्यातला एक गोकाकचा, त्यामुळे कानात "नोडो नोडो, मागं बघ, मागं!" असं कन्नड-मराठी सगळं एकत्रच चाललेलं. डाव सत्तावीस मिनिटांचा झाला. नंतर वहीत बेरीज केली तर गोळीबार सगळा मिळून दीड मिनिट. बाकीचा वेळ घरं धुंडाळणं, बॅग भरणं, पळणं, गवतात पडून राहणं आणि उद्या कुणाच्या गाडीवरून कॉलेजला जायचं ते ठरवणं.

वही बघून सर म्हणाले, "मग बंदूक आहेच कशाला ह्याच्यात?"

आम्ही अर्धा तास वाद घातला. शेवटी कुणीतरी म्हणालं की गोळी कधीही लागेल ही भीती आहे म्हणून उरलेली पंचवीस मिनिटं कंटाळा येत नाही. अभ्यास म्हणतात तो हा. गेममध्ये काय आहे ते खेळणाऱ्या कुणालाही सांगता येतं. ते काढून टाकलं तर काय बिघडेल, हे सांगायला शिकावं लागतं.

दुसऱ्या गृहपाठात गेममधला एक नियम काढायचा आणि कागदावर खेळून बघायचं होतं. मी झोन काढला. तुम्ही खेळत नसाल तर थोडक्यात सांगतो: शंभर खेळाडू विमानातून एका मोठ्या बेटावर उतरतात, शेवटी जो उरेल तो जिंकला. नकाशावर एक वर्तुळ असतं, ते ठरावीक वेळानं लहान होत जातं, आणि बाहेर राहणाऱ्याचा जीव हळूहळू कमी होतो. त्यालाच पोरं झोन म्हणतात.

त्या रात्री लाईट गेली होती, माग बंद, सगळे घरातच. आलेखाच्या कागदावर वीस बाय वीस चौकोन आखले. आईला पावटे, बहिणीला शेंगदाणे, आतेभावाला हरभरे, बाबांना चिंचोके, प्रत्येकी चार. एका पाळीत दोन घरं चालायचं, समोरचा तीन घरांच्या आत आला की दोघांनी फासा टाकायचा, कमी पडेल तो बाद. मेणबत्ती अर्धी संपली तरी बाद झालेले मोजून तीन, तेही बहिणीचे, आणि ते तिनं लगेच खाऊन टाकले. बाबांनी चारही चिंचोके एका कोपऱ्यात नेऊन बसवले होते.

"बाबा, पुढं या की."

"कशाला? बसल्या जागी जिंकायलोय की मी."

त्यांचं काही चुकत नव्हतं. झोन नसेल तर लपून बसणं हीच सगळ्यात शहाणी खेळी, आणि सगळेच शहाणे झाले की खेळ संपला. एरंगेल हा मूळ नकाशा आठ किलोमीटर बाय आठ किलोमीटर आहे. चौसष्ट चौरस किलोमीटरात शंभर माणसं म्हणजे एका चौरस किलोमीटरात जेमतेम दीड माणूस. त्यांना कुणीतरी हाकलल्याशिवाय ती भेटणार कशी? उलट मोबाइलवरचा लिव्हिक हा छोटा नकाशा दोन बाय दोनचा, खेळाडू ५२. तिथं एका चौरस किलोमीटरात तेराजण येतात, म्हणून तो डाव अर्धा तास रेंगाळत नाही.

मग मी स्वयंपाकघरातून परात, ताट आणि वाटी आणली. आधी परातीच्या आत यायचं, मग ताटाच्या, मग वाटीच्या. खेळ एकदम पळायला लागला. पण एक घोळ झाला. तिन्ही भांडी मी कागदाच्या मधोमध ठेवत होतो. दुसऱ्या डावापासून सगळ्यांनी पहिल्या पाळीतच मध्याकडे धाव घेतली, कारण शेवटी वाटी कुठं पडणार हे ठाऊक झालं होतं. तेव्हा बहिणीला सांगितलं की ताट परातीच्या आत कुठंही टाक, वाटी ताटाच्या आत कुठंही, डोळे मिटून. बाबांच्या चिंचोक्यांना त्यानंतर चैन मिळाली नाही. पोरीनं मुद्दाम केलं म्हणून ते चिडलेही. खऱ्या गेममध्येही पुढचं वर्तुळ आधीच्याच आत पण भलत्या बाजूला सरकतं. ते मी शेकडो वेळा बघितलं होतं, पण का, हा प्रश्न त्या रात्रीपर्यंत कधी पडला नव्हता.

वर्गात हे सांगितल्यावर सरांनी त्या वर्तुळाची गोष्ट सांगितली. पबजीचा मूळ कर्ता ब्रेंडन ग्रीन हा आयर्लंडचा. आधी तो दुसऱ्यांच्या गेममध्ये फेरफार करून स्वतःचे खेळ बनवायचा. त्याला सुरक्षित जागा चौकोनी हवी होती, पण कोडिंग बेताचं, म्हणून सोपं पडतं ते वर्तुळ त्यानं घेतलं. माझंही कोडिंग बेताचंच आहे. त्या दिवशी मला जरा बरं वाटलं.

अशा बऱ्याच गोष्टी निघाल्या, सगळ्या लिहीत बसत नाही. नव्या खेळाडूच्या पहिल्या डावांत पुष्कळ बॉट घालतात, म्हणजे संगणकच चालवतो ते भोळसट सैनिक, हे कळल्यावर आतेभावाचे पहिल्याच दिवशीचे चौदा बळी एका झटक्यात उतरले. तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट ह्या ऑनलाइन गेमचं उदाहरण मात्र बाबांनाही पटलं. २००४ मध्ये ती येण्याआधीच्या चाचणीत बराच वेळ खेळत राहिलं की मिळणारे गुण निम्मे व्हायचे. लोक भडकले. मग गणित जवळपास तेच ठेवून नुसती भाषा फिरवली: विश्रांती घेऊन येणाऱ्याला दुप्पट गुण, ते संपले की नेहमीचे. तक्रारी थांबल्या. बाबा म्हणाले, "आमच्या शेठसारखंच झालं हे. मजुरी कापतो म्हटला तर भांडण, दिवाळीला बोनस देतो म्हटला तर पेढे."

आता तुमची खरी काळजी, म्हणजे पोरगा त्यातच अडकेल का. रोज येऊन उघडायची बक्षिसं, ठरावीक दिवसांत संपणारा सीझन, आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या पेट्या, ह्यातलं काहीच आपोआप झालेलं नसतं. माणूस परत यावा आणि पैसे काढावे म्हणूनच ते बसवलेलं असतं. चांगल्या वर्गात हेही तितकंच उलगडून दाखवतात. आमच्याकडे एक अख्खा आठवडा त्यावर होता आणि तेव्हापासून माझं स्वतःचं खेळणं अर्ध्यावर आलं. बीजीएमआयमध्ये अठराच्या खालच्यांना रोज तीन तासांची मर्यादा आहे, पण मोठ्या माणसाच्या नंबरवर खातं उघडलं की ती कोण पाळतो? तुमच्या मुलाच्या वर्गात हा भाग नसेल, तर माझ्या मते फी जास्तच घेतायत.

नोकरीचं विचाराल तर आमच्या बॅचमधल्या सगळ्यांना ह्या धंद्यात काम मिळालं नाही. मी घरूनच एका छोट्या कंपनीचे गेम तपासून देतो, पैसे ठीक मिळतात.

मुलगा अभ्यास करतो की नाही हे बघायला तुम्हाला पबजी यायची गरज नाही. त्याची वही मागा. तिच्यात मिनिटं, तक्ते, आडवेतिडवे नकाशे असायला हवेत. मग रविवारी परात, ताट आणि वाटी घेऊन बसा आणि विचारा, वाटी मधोमध का ठेवायची नाही? तो उठून कागद शोधायला लागला तर त्याला जागू द्या. "बाबा, तुम्हाला नाही कळायचं ते" म्हणाला, तर मोबाइल खुशाल कपाटात ठेवा.