मुरबाडजवळच्या एक एकराच्या खाजगी तळ्यात गळासाठी मोठे कटला कसे वाढवावेत?

माशांची संख्या कमी ठेवणे, हे याचे खरे उत्तर आहे. विक्रीसाठीच्या मिश्र मत्स्यपालनात एकरी दोन ते चार हजार बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) सोडतात. आपल्याला मोजकेच पण दांडगे मासे हवे असतील, तर माझ्या मते चारपाचशेच्या पुढे जाऊ नये. कटला साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाही, त्यामुळे ही संख्या आपल्या हातात राहते. तिलापिया हा मासा मात्र एकदा शिरला की भराभर वाढून सगळ्यांचे खाद्य वाटून घेतो, म्हणून पावसाळ्यात ओढ्याचे पाणी आत येते तिथे बारीक जाळी अवश्य लावावी.

कटला पृष्ठभागाजवळचे प्राणिप्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) खातो, म्हणून शेणखत घालून पाणी हिरवट ठेवावे. कोपरापर्यंत हात बुडवल्यावर तळवा जेमतेम दिसावा. त्याआधीच दिसेनासा झाल्यास शेणखत थांबवावे, कारण अतिहिरव्या पाण्यात, विशेषतः ढगाळ दिवसांनंतरच्या पहाटे, प्राणवायू घटतो आणि मोठे मासेच आधी दगावतात, ज्यांच्यासाठी आपण वर्षानुवर्षे थांबलेलो असतो. मे महिन्यातही दीड-दोन मीटर पाणी टिकले पाहिजे.

अमेरिकी बास हा शिकारी मासा मात्र कृपया आणू नये. पुरात तो ओढ्यांत पोहोचल्यास स्थानिक माशांना धोका आहे.