प्रिंटरला पडदा नसेल, तर त्याचा आयपी पत्ता संगणकावरून कसा शोधावा?

आपल्या कार्यालयातील नेटवर्क प्रिंटरला पडदा नाही, आपल्या विंडोज संगणकावरून छपाई व्यवस्थित होते, परंतु नवा संगणक जोडताना आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखण्यासाठीचा आकडी पत्ता, विचारला जातो, असे आपण लिहिले आहे. छपाई होत असल्यामुळे तो पत्ता बहुधा आपल्याच संगणकात नोंदलेला आहे आणि तिथूनच सुरुवात करणे सोयीचे ठरेल.

सेटिंग्जमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' उघडून आपला प्रिंटर निवडावा, 'प्रिंटर प्रॉपर्टीज'वर क्लिक करावे आणि 'पोर्ट्स' हा टॅब पाहावा. पोर्ट म्हणजे छपाईचे काम कुठे पाठवायचे, याची संगणकातील नोंद. यादीत ज्या पोर्टसमोर बरोबरची खूण असेल, तोच सध्या वापरात असतो. तिथे १९२.१६८.१.५० असे काही दिसले, की बहुतेक जण तेवढेच टिपून घेतात. पण ते त्या पोर्टचे केवळ नाव असते. प्रिंटर प्रथम जोडताना विंडोज त्या वेळच्या पत्त्यावरून हे नाव ठेवते आणि पुढे कोणी पोर्टमधील पत्ता बदलला, तरी नाव जुनेच राहते. म्हणून तो पोर्ट निवडून 'कॉन्फिगर पोर्ट' दाबावे आणि उघडणाऱ्या चौकटीतील 'प्रिंटर नेम ऑर आयपी अॅड्रेस' या रकान्यात जे असेल, ते खरे मानावे. शाखेच्या कार्यालयातील संगणकांची देखभाल करताना नाव एक आणि पत्ता दुसराच असलेले पोर्ट मी अनेकदा पाहिले आहेत, त्यामुळे ही पायरी गाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

पोर्टचे नाव 'डब्ल्यूएसडी' या अक्षरांनी सुरू होत असेल, तर विंडोजने प्रिंटर नेटवर्कवर स्वतःच शोधून जोडलेला असतो आणि 'पोर्ट्स'मध्ये पत्ता दिसत नाही. अशा वेळी त्याच खिडकीतील 'जनरल' टॅबवरचा 'लोकेशन' रकाना पाहावा. तिथे पुष्कळदा एचटीटीपीने सुरू होणारा वेबपत्ता असतो आणि त्यातील आकडे म्हणजेच आयपी पत्ता. पोर्ट 'यूएसबी'चा असेल, तर प्रिंटर आपल्याच संगणकाला केबलने जोडलेला आहे. आणि दोन उलट्या तिरक्या रेषांनंतर दुसऱ्या संगणकाचे नाव दिसत असेल, तर प्रिंटर त्या संगणकामार्फत शेअर केलेला आहे. या शेवटच्या प्रकारात वरील शोध त्या दुसऱ्या संगणकावर जाऊन घ्यावा लागेल.

एवढे करूनही पत्ता मिळाला नाही, तर राउटरच्या व्यवस्थापन पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तिथे प्रिंटर कंपनीच्या नावाने दिसतोच असे नाही, त्यामुळे प्रिंटरच्या मागील चिकटपट्टीवर मॅक पत्ता (नेटवर्कसाठी उपकरणाला कारखान्यातच दिलेला ओळख क्रमांक) छापलेला असेल, तर तो यादीशी ताडून पाहावा.

पत्ता हाती आला, की तो ब्राउझरमध्ये टाइप करून पाहावा. बहुतेक नेटवर्क प्रिंटर स्वतःचे पान दाखवतात. त्यावर मॉडेल, शाईची किंवा टोनरची पातळी आणि बऱ्याचदा अनुक्रमांकही असतो. ब्राउझरने सुरक्षा प्रमाणपत्राबद्दल इशारा दिला, तर बिचकू नये. कार्यालयाच्या आतील प्रिंटरच्या बाबतीत तो नेहमीचाच आहे. एकाच मॉडेलचे दोन प्रिंटर असतील, तर अनुक्रमांक जुळवल्याशिवाय नवा संगणक जोडू नये, अन्यथा आपले कागद दुसऱ्या खोलीत निघतील.

मिळालेला पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. आधी केबल किंवा वायफायची जोडणी तपासावी. पत्ता योग्य असेल, तर नवा संगणक जोडण्यापूर्वी राउटरच्या डीएचसीपी विभागात (जिथून उपकरणांना आपोआप आयपी पत्ते दिले जातात) तो प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी राखून ठेवावा. तसे न केल्यास एखाद्या दिवशी वीज जाऊन आल्यावर प्रिंटरला वेगळाच पत्ता मिळू शकतो आणि त्या पत्त्यावर जोडलेल्या सर्व संगणकांची छपाई एकाच वेळी बंद पडते.