मागचा ट्रेलर गाडीला ढकलतोय, ब्रेक कुणी लावायचा?

गाडी-घोडा : वाचकांचे प्रश्न, गॅरेजवाल्याची उत्तरं

प्रश्न : मिस्त्री, रामराम. आमचं गाव कंधार तालुक्यात, घरी लाल कंधारी वळू हाय आणि मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला दरवर्षी नेतो. टेम्पोत चढवायचा म्हणजे चार माणसं लागतात, म्हणून औंदा पिकअपच्या मागं लावायला दोन एक्सलचा जुना ट्रेलर घेतला. विकणारा म्हणला एक्सल बाहेरदेशचे हायत, इलेक्ट्रिक ब्रेक हाय, नुसती वायर जोडा. आमच्या वायरिंगवाल्यानं ती वायर ब्रेक लाइटच्या वायरीलाच जोडून दिली. आता पायडलला जरा पाय लावला की ट्रेलर असा गचकन धरतो की वळू गुडघ्यावर येतो, आन ब्रेक लाइटचा फ्यूज तीनदा उडाला. कंट्रोलर म्हणून डबा लागतो म्हणे. तो घरी बसवता येईल का?
– वाचक, ता. कंधार

उत्तर : रामराम. पहिलं काम, आजच्या आज ती वायर काढा. डबा येईपर्यंत जनावर त्या ट्रेलरमधे घालू नका, आणि ब्रेक नसलेला ट्रेलर रिकामासुद्धा हायवेला काढू नका.

आता फ्यूज कामून उडाला ते ऐका. तुमच्या ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या ड्रममधे एक मॅग्नेट असतो, मोठ्या पेढ्याएवढा. करंट मिळाला की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या तोंडाला चिकटतो, ड्रम त्याला आपल्यासंगं ओढतो, आणि ज्या दांडीवर तो बसवलाय ती दांडी ब्रेक शू फाकवते, झालं, ब्रेक लागला. असा एकेक मॅग्नेट पूर्ण १२ व्होल्टवर ३ अँपियरच्या आसपास खातो, तुमचे चार म्हणजे १२ अँपियर, आणि ब्रेक लाइटची वायर बिचारी दोन-तीन बल्बांसाठी घातलेली. फ्यूज उडाला म्हणून वायरिंग जळायचं वाचलं, त्याच्या जागी कुणी जाड तार लावून दिली नाही हे नशीब समजा. दुसरं म्हणजे ब्रेक लाइट एक तर चालू नाहीतर बंद, मधलं काही नाही. त्यामुळं तुम्ही बोट लावा नाहीतर उभं राहून दाबा, मागं करंट सारखाच जातो, आणि वळू गुडघ्यावर येतो.

कंट्रोलर नेमकं हेच मधलं काम करतो, मॅग्नेटला कमी-जास्त करंट देतो. ह्याच्यात दोन जाती. स्वस्तातला असतो तो पायडल दाबलं की घड्याळ लावल्यासारखा हळूहळू करंट वाढवत नेतो, तुम्ही कसा ब्रेक मारला याचं त्याला काही घेणंदेणं नाही. दुसऱ्यात आत सेन्सर असतो, गाडी हळू थांबली तर तो हळू धरतो, जोरात थांबली तर जोरात. जिता जीव मागं उभा आहे तर दुसराच घ्या, पैसे जरा जास्त जातील, जाऊ द्या.

बसवायचं घरी जमतं पण आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवायची. डबा डॅशबोर्डखाली, गुडघा लागणार नाही आणि एअरबॅग उघडणार नाही अशा जागी, पण हात पोचला पाहिजे कारण त्याच्यावर एक हाताचा खटका असतो, त्याचं पुढं सांगतो. सेन्सरवाला डबा गाडीच्या दिशेनं सरळ बसवा, किती तिरपा चालतो ते त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, तो कागद फेकू नका! डबल टेपनं चिकटवू नका, आपल्या उन्हाळ्यात ती टेप एप्रिलमधेच सोडते, स्क्रूनं पक्का करा.

वायरी चारच. बहुतेक डब्यांना काळी, पांढरी, लाल आणि निळी असते, तरी रंगावर जाऊ नका, कागद बघा. काळी थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला, आणि बॅटरीजवळच २० अँपियरचा सर्किट ब्रेकर टाकायचा, चार मॅग्नेटला तो पुरतो. पांढरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, बॉडीच्या कुठल्यातरी स्क्रूला नाही. ह्या दोन उलट्या लागल्या तर डबा तिथंच संपला, वॉरंटीवाला पण हात वर करतो. लाल जाते पायडलवरच्या स्टॉप लाइटच्या स्विचला, आणि इथंच लोक चुकतात. त्या स्विचची एक बाजू कायम जिवंत असते, दुसरीत पायडल दाबलं तरच करंट येतो, आपल्याला ही दुसरी पाहिजे. टेस्ट लॅम्प लावा, पायडल दाबल्यावर पेटला आणि सोडल्यावर विझला ती तुमची बाजू. नव्या गाडीत हे स्विच काँप्युटरमार्फत चालत असेल तर तिथं चिमटा मारायच्या आधी सर्व्हिस सेंटरमधे विचारून घ्या. निळी म्हणजे ब्रेकचा करंट, ती मागं प्लगपर्यंत न्यायची.

काळी, पांढरी, निळी ह्या तिन्हीला ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या, गाडी लांब असली तर ६ ची. बारीक वायर घातली की वाटेतच व्होल्टेज पडतं, डब्यावर आकडा पूर्ण दिसतो आणि चाकाला ब्रेक अर्धाच लागतो, मग लोक डब्याला शिव्या देतात. पत्र्यातून वायर नेताना भोकाला रबराचं ग्रोमेट घाला, सायलेन्सरपासून लांब ठेवा.

प्लगचं सांगतो. गोल सात पिनचा प्लग मुळात लाइटसाठी, ब्रेकच्या करंटला स्वतंत्र पिन लागते, आणि जुन्या ट्रेलरला आधीच्या मालकानं काय कुठं जोडलंय देव जाणे, तेव्हा पिनचा नंबर पाठ करण्यापेक्षा एकेक वायर टेस्ट लॅम्पनं ओळखून घ्या. अर्थची वायर पण प्लगमधूनच, तीही जाड. हुकाच्या गोळ्यातून अर्थ मिळतो म्हणणारे भेटतील, ग्रीस लागलेल्या गोळ्यातून काय अर्थ मिळणार!

मग सेटिंग. वळवाला चढवून ट्रायल घेऊ नका हो. डीएपीच्या ५० किलोच्या दहा गोण्या टाकल्या की ५०० किलो झाले, वळवाच्या अंदाजानं कमी-जास्त करा. मोकळ्या कोरड्या रस्त्यावर ताशी ४० नं चालवत पायडलला हात-पाय न लावता तो हाताचा खटका दाबायचा, त्यानं फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. सेटिंग वाढवत जा, चाकं घासत जाम झाली की तिथून थोडं खाली या. वळू विकून रिकामा ट्रेलर परत आणताना सेटिंग परत कमी करायचं, नाहीतर हलका ट्रेलर जाम चाकावर घसरत येईल आणि टायरला एकाच जागी चपटं पडंल. अजून एक, उतारावर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला तर गाडीचा ब्रेक मारू नका, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि तोच खटका हळू दाबा, मागून ओढ बसली की सरळ होतो.

आणि ट्रेलरवर छोटी बॅटरी आणि दोरीवाला खटका आहे का बघा. ट्रेलर सुटला तर दोरी ओढली जाऊन पिन निघते आणि चारी ब्रेक आपोआप लागतात. दोरी गाडीच्या चेसीला बांधा, हुकाला नाही, हूकच निघाला तर दोरी त्याच्यासंगंच जाईल ना.

प्रश्न : काका, हाच डबा ट्रॅक्टरला बसतो का? आम्ही धारूरचे, घाट उतरून ऊस कारखान्याला न्यावा लागतो, दोन ट्रॉल्या असतात.
– वाचक, धारूर

उत्तर : नाही बसत, म्हणजे डबा बसंल पण तुमच्या ट्रॉलीच्या चाकात मॅग्नेटच नाही तर तो करंट कुणाला देणार. तुमच्याकडं बघायचं ते वेगळं. काही ट्रॅक्टरला ट्रॉलीच्या ब्रेकसाठी हायड्रॉलिकचं तोंड येतं, तुमच्या मॉडेलला आहे का डीलरला विचारा. दुसरा असतो तो ट्रॉली जिनं जोडतात त्या दांडीचा, ट्रॉली पुढं ढकलायला लागली की दांडी आत दबते आणि त्याच जोरावर ट्रॉलीचे ब्रेक लागतात. त्याला करंट-तेल काही लागत नाही, पण रिव्हर्स घेताना पण तो धरतो म्हणून लॉक असतो, आणि ते लॉक काढायचं विसरून लोक घाटाला लागतात.

ह्यातलं काहीच नसेल तर भरल्या दोन ट्रॉल्या घेऊन धारूरच्या घाटात उतरू नका, एक न्या, दोन खेपा करा. खेपेचे पैसे वाढतात मला माहीत आहे, मुकादम पण बोलणार. रस्त्याला लागताना ट्रॅक्टरचे दोन्ही पायडल पट्टीनं जोडलेले पाहिजेत, शेतात वळायला पट्टी काढलेली तशीच राहते आणि मग एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो. ज्या गियरात चढता त्याच गियरात उतरा, क्लच दाबून किंवा न्यूट्रलला कधीच नाही.

प्रश्न : सर, ट्रेलरला वेगळं पासिंग लागतं का? डबा बसवला तर आरटीओ पकडंल का?
– वाचक, परभणी

उत्तर : ट्रेलरची नोंदणी वेगळी लागते, नंबर वेगळा असतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ असं की आरसी बुकातली माहिती बदलंल असा फेरफार गाडीत परस्पर करता येत नाही, म्हणून हूक आणि डबा बसवायच्या आधीच आरटीओत विचारा. विमा कंपनीला पण ट्रेलर कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तोंडं बघत बसायची पाळी येते.

प्रश्न : मिस्त्री, दोन वर्षं झाले कंट्रोलर बसवून, चांगला चालायचा. पावसाळाभर ट्रेलर उभाच होता, आता ब्रेक एका बाजूलाच धरतो. डबा बदलू का?
– वाचक, वसमत

उत्तर : डबा बिघडला असता तर दोन्ही बाजू सारख्याच गेल्या असत्या. जी बाजू धरत नाही तिथली वायर सोडा आणि मल्टिमीटरनं मॅग्नेटचा ओहम बघा, साधारण ३ ते ४ च्या मधे आला तर मॅग्नेट चांगला, काहीच दाखवत नसेल तर आत तुटलाय. चांगला निघाला तर एक्सलजवळचे जोड उघडा, बहुतेक तिथं काळी टेप गुंडाळलेली आणि आत हिरवी पावडर झालेली सापडंल. नंतर ड्रम खोला, बेअरिंगचं सील गळून ग्रीस शूवर आलं असेल तर शू धुऊन काम होत नाही, बदला, आणि बदलताना दोन्ही बाजूचे बदला. ड्रम खोललाच आहे तर मॅग्नेटच्या तोंडावर हात फिरवा, एका बाजूनं जास्त झिजला असेल तर तो पण गेला समजा.