प्रोटो-स्लाविक (रशियन, स्लोवेनियन वगैरेंची पूर्वज भाषा) 'नेबो' (आकाश) हा शब्द आपल्या 'नभस्'वरून आलाय का? आणि तो चालतो कसा?

नाही, आलेला नाही, आणि हे 'सगळं संस्कृतातूनच निघालं' प्रकरण आता बास करा. नभस् आणि नेबो दोन्ही त्याच्याही आधीच्या प्रोटो-इंडो-युरोपियन (संस्कृत, ग्रीक, स्लाविक या सगळ्यांची मूळ भाषा) 'नेभोस्'पासून आलेत, मूळ अर्थ ढग, धुकं. ग्रीक नेफोस म्हणजे ढगच राहिला, स्लाविकमधे आणि हित्तीमधे (आजच्या तुर्कस्तानातली प्राचीन भाषा, शब्द नेपिश) त्याचं आकाश झालं.

चालवण्याचं म्हणाल तर तो माझा जुना राग आहे. पुण्यात रशियनच्या क्लासला जायचो तेव्हा मॅडमनी फळ्यावर नेबो लिहिलं, शेजारी अनेकवचन नेबेसा, आणि म्हणाल्या अपवाद आहे, पाठ करा. मी म्हटलं मॅडम हा 'स' मुळातलाच आहे, शाळेत मनस् चालवतो ना, मनः मनसी मनांसि, तसंच हे. तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, रशियन शिकायला आलायत ना, मग संस्कृत घरी ठेवून या. सगळा वर्ग हसला. अजून डोक्यात जातं ते, कारण मी बरोबर होतो.

प्रोटो-स्लाविकमधे हा सरळ सकारान्त (मूळ रूपाच्या शेवटी 'स्' असलेला) नपुंसकलिंगी शब्द आहे, प्रथमा नेबो, षष्ठी नेबेसे, चतुर्थी नेबेसि, अनेकवचन नेबेसा. षष्ठीच्या शेजारी नभसः ठेवून बघा. रशियनने पुढे एकवचन सोपं करून नेबा, नेबू केलं आणि तो नेबेसामधला 'एस्' फक्त अनेकवचनात उरला. चुदो (चमत्कार), चुदेसा, तेच. स्लोवेनियनमधे तर कोलो म्हणजे चाक, त्याची षष्ठी एकवचनातसुद्धा कोलेसा. याला अपवाद म्हणतात का? त्यामुळे कोणी शिकवताना 'पाठ करा' म्हणालं की आधी शब्दाची जुनी रूपं काढून बघा, आणि संस्कृत येत असेल तर ते खुशाल वर्गात घेऊन जा.

हां, पण सगळ्या विभक्त्या जुळवत बसू नका. तृतीया नेबेसिमि, तिचा शेवट दुसऱ्या शब्दांकडून आलाय, संस्कृत तृतीया 'नभसा'शी संबंध नाही. शेवटचा 'ओ'पण अडचणीचा आहे, पुल्लिंगी शब्दांत जुन्या 'ओस्'चा आखूड 'उ' झाला आणि इथे ओ तसाच राहिला, काही जण 'ते' या अर्थाच्या नपुंसक सर्वनामाचा परिणाम मानतात, एकमत नाही. आणि आजचा रशियन नेबो चर्च स्लाविकमधून (चर्चची जुनी धर्मभाषा) आलेला आहे, अस्सल रशियन रूप न्योबो, तोही शब्द वापरात आहे, अर्थ टाळू.