दात वाकडे का येतात आणि सरळ कसे करता येतात?

प्रश्न : माझ्या मुलीला नववे वर्ष लागले आहे. तिच्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट असून शेजारचे दात बाहेर कललेले दिसतात. किडल्यामुळे खालची दुधाची एक दाढ मागच्या वर्षी काढावी लागली. सगळे दात येईपर्यंत थांबावे, असे घरातील वडीलधाऱ्यांचे मत आहे. ते योग्य आहे का?

उत्तर : फटीपुरते ते योग्य आहे, दाढेपुरते नाही. या वयात वरचे सुळे अजून हाडातच असतात आणि खाली उतरताना शेजारच्या दातांच्या मुळांवर दाब देतात, त्यामुळे दातांची टोके पंख्यासारखी फाकतात. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे जागेवर आले की अशी फट पुष्कळदा आपोआप मिटते.

दाढेची गोष्ट मात्र अधिक गंभीर आहे. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्याने अनेक पालक तिलाही दुधाचीच समजतात. पुढची दुधाची दाढ अवेळी काढली गेली, तर ही कायमची दाढ मोकळ्या जागेत पुढे सरकते आणि दहाव्या ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान तेथे येणाऱ्या उपदाढेला (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्यामधल्या कायमच्या दाताला) जागाच उरत नाही. मग ती हाडात अडकते किंवा आडवाटेने बाहेर येते. म्हणून एक्स-रे काढून जागा राखणारी छोटी पट्टी बसवणे आवश्यक आहे का, हे दंतवैद्यांना आताच विचारावे. ‘दुधाचेच दात, आज ना उद्या पडणारच’ या समजुतीपायी पुढे वाकड्या दातांचे उपचार करावे लागलेली मुले आम्हाला नेहमी भेटतात.

सातव्या वर्षाच्या सुमारास ऑर्थोडॉन्टिस्टकडून (वाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञ दंतवैद्यांकडून) एकदा तपासणी करून घ्यावी असे आम्ही सांगतो, ते लगेच तारा लावण्यासाठी नव्हे. चौथ्या वर्षानंतरही टिकलेली अंगठा चोखण्याची सवय, गिळताना जीभ दातांवर रेटणे, नाक चोंदल्यामुळे सतत तोंडाने श्वास घेणे ही कारणे त्या वयात हाती लागतात. वरचा जबडा अरुंद असेल, तर टाळूच्या मधला सांधा किशोरवयात घट्ट होण्यापूर्वी तो रुंद करणे सोपे जाते.

प्रश्न : आम्हा दोघांचेही दात सरळ आहेत. मग मुलाचे वाकडे कसे?

उत्तर : जबड्याचा आकार आणि दातांची रुंदी यांवर आनुवंशिकतेचा मोठा प्रभाव असतो, परंतु आई-वडिलांचे दात सरळ म्हणजे मुलांचेही सरळ, असा नियम नाही. वर सांगितलेल्या कारणांखेरीज एखादा दात जन्मतःच नसणे किंवा जादा असणे, हेही कारण असू शकते. ते एक्स-रेमध्ये कळते.

प्रश्न : माझे वय ३६ आहे. तरुणपणी सरळ असलेले खालचे पुढचे दात आता एकमेकांवर चढू लागले आहेत. अक्कलदाढ ढकलत असेल, तर ती काढावी का? आणि या वयात तारांचा उपयोग होईल का?

उत्तर : अक्कलदाढेवर हा आळ फार जुना आहे, पण ज्यांना ती मुळीच आलेली नाही, त्यांचेही खालचे दात वयानुसार दाटतात. दात आयुष्यभर किंचित पुढे सरकत राहतात आणि खालच्या दातांची कमान हळूहळू आखडते. अक्कलदाढ किडली, अडकून दुखू लागली किंवा तिच्याभोवतीची हिरडी वारंवार सुजली, तर ती काढण्यास कारण आहे. दात सरळ राहावेत एवढ्यासाठी काढू नये. मात्र हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा दात हलत असतील, तर आधाराचे हाड झिजल्यामुळे ते सरकत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी आधी हिरड्यांचे उपचार करावेत.

वयाची अडचण नाही. हिरड्या आणि हाड निरोगी असले पाहिजेत. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. दातावर हलका दाब सतत राहिला, की दाबाच्या बाजूचे हाड विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड तयार होते. ही चाल महिन्याला सुमारे १ मिलिमीटर असते, म्हणूनच उपचारांना बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात. तारा अधिक कसल्याने काम लवकर होत नाही. उलट त्या थरातील रक्तपुरवठा दबल्याने दात अडून बसतो आणि मूळही आखूड होऊ शकते.

प्रश्न : तारा बऱ्या की पारदर्शक अलायनर?

उत्तर : अलायनर म्हणजे दातांवर घालायचे, काढता येणारे पारदर्शक साचे. थोडी दाटी किंवा लहान फटी असतील आणि दिवसातून २० ते २२ तास अलायनर घालण्याची शिस्त असेल, तर ते उत्तम. खाताना आणि दात घासताना ते काढता येतात. परंतु काढून ठेवलेला अलायनर काहीच काम करत नाही. गोलसर मुळाचे फिरलेले दात वळवणे किंवा काढलेल्या दाताची पूर्ण जागा बंद करणे, यासाठी चिकटवलेल्या तारा अजूनही अधिक भरवशाच्या वाटतात. त्या रुग्णाच्या आठवणीवर अवलंबून नसतात, मात्र त्यांच्याभोवती अन्न साचल्यास दातांवर कायमचे पांढरे डाग पडतात. जागा कमी असल्यास दातांच्या कडा अंशमात्र घासतात किंवा उपदाढा काढतात. प्रौढांमध्ये जबड्यांच्या ठेवणीतच मोठी तफावत असल्यास शस्त्रक्रियेची जोड द्यावी लागते. प्रत्यक्ष तपासणी आणि एक्स-रेशिवाय घरपोच मिळणारे अलायनर मात्र घेऊ नयेत.

प्रश्न : शाळेत असताना तारा लावल्या होत्या. रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारे साधन) वापरणे सोडले आणि पुढची फट परत आली. इंटरनेटवर दोन दातांभोवती रबरबँड घालण्याचा उपाय पाहिला. करून पाहू का?

उत्तर : कृपया करू नका. दात मुळाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे रबरबँड हळूहळू हिरडीखाली सरकतो, मुळांभोवतीचे हाड खातो आणि धडधाकट दात गमावण्याची वेळ येते. आत गेलेला रबरबँड सहसा दिसतही नाही. दात परत सरकले, कारण ताणलेल्या हिरडीच्या तंतूंची नवी मांडणी होण्यास वर्षभरही लागू शकते आणि वयानुसार होणारी सरकण त्यानंतरही चालू राहते. जुना रिटेनर जोर लावून बसवू नका. तो घेऊन ऑर्थोडॉन्टिस्टकडे जा. लहान फट थोड्याच अलायनरमध्ये बंद होऊ शकते आणि नंतर दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवता येते. वरच्या ओठाच्या आतून दोन दातांमध्ये उतरणारा मांसल पट्टा जाड आहे का, तेही पाहून घ्यावे. तो जाड असल्यास, फट बंद केल्यावर छोट्या शस्त्रक्रियेने सैल करावा लागतो.