बांधशील गं, पण चालवणार कोण?

प्रिय बेटा,

सलाम.

तुझा मेसेज रात्री वाचला, सकाळी परत वाचला. आपल्या ख्रिस्ती युनिव्हर्सिटीच्या बिल्डिंग कमिटीत तुला घेतलं याचा आनंद आहेच, पण तिथे बसल्यावर माणूस कसा गोंधळतो तेही मी बघितलंय. प्रत्येक जण आपलं स्वप्न घेऊन येतो आणि खोटं कोणाचंच नसतं. पाळकसाहेबांना मोठं चॅपल पाहिजे, कारण ॲडमिशन वाढल्यात आणि उपासनेला पोरं पायऱ्यांवर बसतात. स्पोर्ट्सवाल्यांना इनडोअर हॉल, नर्सिंगच्या मॅडमना स्किल लॅब, म्हणजे पेशंटआधी हात बसवायची सरावाची खोली, आणि देणगीदार साहेबांना बाराशे खुर्च्यांचं ऑडिटोरियम, वडिलांच्या नावाने. आणि तू विचारतेस, अंकल मी कशाला हात वर करू?

ते सांगतो, पण आधी प्रत्येक प्रस्तावाला एकच प्रश्न विचारायची सवय लाव. चालवणार कोण? झाडणार कोण, किल्ली कोणाकडे, लाइट बिल कुठल्या हेडमधून, आणि तिथे बसणाऱ्या माणसाचा पगार पाच वर्षांनी कोण देणार. याचं उत्तर कागदावर नसेल तर प्लॅन कितीही सुंदर असो, बाजूला ठेव.

बांधायला पैसे देणारे मिळतात गं. कोनशिला असते, उद्घाटन असतं, फोटो असतो. चालवायला पैसे देणारा मी आख्ख्या नोकरीत फार थोडा पाहिला. इमारती सांभाळणाऱ्या लोकांचा एक सर्वसाधारण अंदाज आहे, की आज ती इमारत नव्याने उभी करायला जितका खर्च येईल त्याच्या 2 ते 4 टक्के दरवर्षी नुसत्या देखभालीला लागतात. म्हणजे 10 कोटींची इमारत असेल तर 20 ते 40 लाख, दर वर्षी, आणि यात लाइट बिल नाही, पगार नाहीत. हा आकडा तुमच्या प्रस्तावांत कुठे दिसला का तुला? नसणारच. आणि परदेशातली मंडळी देतील या भरवशावर तर अजिबात राहू नका, एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 ला दुरुस्ती झाली, त्यानंतर त्या पैशातून प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या वर करता येत नाही, आधी ही मर्यादा 50 होती.

मी एका ठिकाणी, नाव नको, लँग्वेज लॅब बघितली होती. काचेचे बूथ, प्रत्येक बूथवर हेडफोन, आणि हेडफोनवर अजून कारखान्यातली प्लास्टिकची पिशवी. एसीच्या रिमोटमधले सेल फुगून पाणी सुटलेलं. इन्स्ट्रक्टरची पोस्ट मंजूरच झाली नव्हती, त्यामुळे किल्ली वॉचमनकडे आणि तो फक्त पाहुणे आले की उघडायचा. त्याच कॅम्पसमध्ये लायब्ररी पाच वाजता बंद व्हायची कारण संध्याकाळसाठी अटेंडंट नव्हता, आणि पोरी कॉरिडॉरच्या ट्यूबलाइटखाली जमिनीवर बसून अभ्यास करायच्या. दोन अटेंडंट, एवढंच मागत होतो आम्ही, आणि मी रिटायर होईपर्यंत ते मिळाले नाहीत. ही खंत माझी अजून जात नाही.

तू म्हणशील अंकल जुन्या गोष्टी काढतात. मग अजून जुनी घे. बंगालमधलं सेरामपूर, 1818. कॅरी, मार्शमन, वॉर्ड या तीन मिशनरींनी हुगळीच्या काठी कॉलेज काढलं, आपल्या मराठीचं व्याकरण 1805 ला छापणारा तोच हा कॅरी. मोठमोठ्या खांबांची देखणी इमारत झाली, 1827 ला डेन्मार्कच्या राजाची सनद आली, पदव्या द्यायचा अधिकार हातात. आणि मग 1830 नंतर कलकत्त्याच्या बड्या व्यापारी पेढ्या एकामागून एक बुडाल्या, त्यात मिशनचा पैसाही गेला. कॉलेज कसंबसं चालू राहिलं, पण त्या सनदेखालच्या पहिल्या पदव्या कधी दिल्या माहितीये? 1915 ला. खांब तोवर उभेच होते. एवढी मोठी माणसं, तरी रोजच्या खर्चाचा आधार गेल्यावर हे झालं, मग आपण कोण लागून गेलो?

आता तमिळनाडूतलं वेल्लोरचं मिशन हॉस्पिटल बघ. आयडा स्कडर या डॉक्टरबाईंनी 1900 ला एका खाटेवर सुरुवात केली. नर्सेसची शाळा 1909 ला, आणि बायकांसाठी मेडिकल स्कूल 1918 ला. म्हणजे हॉस्पिटल चालवणारे हात आधी तयार केले आणि डॉक्टरांची शाळा नऊ वर्षांनी. आपल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी छापखाना घातला तो त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या आश्रित बायका-मुलींनीच चालवला, खिळे जुळवण्यापासून. पुण्यात स्पायसर या मिशन कॉलेजची बेकरी आहे, तिथे वर्षानुवर्षं विद्यार्थी काम करून फी भागवत आले. या सगळ्यांकडे "चालवणार कोण" याचं उत्तर तयार होतं.

म्हणून माझं मत विचारशील तर मुलींचं हॉस्टेल पहिलं. शेवगाव, गेवराई, अंबडकडून येणाऱ्या पोरी गावात खोली करून राहतात, प्रॅक्टिकल सुटेपर्यंत अंधार पडतो, शेअर रिक्षाने जातात, आणि पहिल्या वर्षानंतर किती घरी बसतात ते तू रजिस्टरमध्ये बघ. हॉस्टेल फी आणि मेसवर बरंचसं चालतं, फक्त राहणाऱ्या वॉर्डनचा पगार आधी मंजूर करून घे, बांधकामाच्या आधी, नंतर नाही. आणि पाणी! टाकी, बोअर, पावसाचं पाणी मुरवणं, हे प्लॅनमध्ये नसेल तर एप्रिलमध्ये टँकरच्या मागे पळाल. मग स्किल लॅब, कारण नर्सिंगच्या मॅडमनी इन्स्ट्रक्टरचं नावसुद्धा दिलंय असं तू लिहिलंस, मला तिथेच ती बाई पटली.

चॅपलबद्दल बोलणं अवघड आहे. उपासना हा आपल्या युनिव्हर्सिटीचा प्राण आहे, त्यावर आपलं दोघांचं वेगळं मत नाही. पण आहे त्या चॅपलमध्ये दोन उपासना घेता येतात, सकाळी एक आणि दुपारी एक. पाळकसाहेब नाराज होतील. होऊ देत. बायबलमधल्या लूकच्या चौदाव्या अध्यायातला बुरूज ते दरवर्षी सांगतात ना, आधी बसून खर्चाचा हिशेब कर म्हणून, तो हिशेब कळस चढला की संपत नाही.

मला सगळे नन्नाचा पाढा वाचणारा म्हणायचे. इनडोअर स्टेडियम मी अडवलं, आणि त्या पैशांत टाक्या आणि पाइपलाइन करून घेतली, त्यासाठी दोन मित्र कायमचे तुटले. पण नंतरच्या दुष्काळात आजूबाजूची हॉस्टेलं लवकर सुट्टी देऊन रिकामी झाली, आमचं चालू राहिलं. कोणी आठवण काढत नाही. टाकीवर कोणाचं नाव नसतं. मला त्याचं काही वाटत नाही, आणि आज तीच वेळ आली तर परत तसंच करीन.

आणि ते "व्हिजन कमी पडेल" वगैरे मला लिहू नकोस. बंद ऑडिटोरियममध्ये कसली व्हिजन? बाराशे खुर्च्या वर्षातून किती दिवस भरणार हे एकदा कॅलेंडर समोर ठेवून मोज, पदवीदान, ख्रिसमस, अजून काय?

मीटिंगच्या आधी अकाउंट्समधून मागच्या तीन वर्षांची लाइट बिलं, रिपेअरची व्हाउचर आणि रिकाम्या पोस्टची यादी माग. लगेच देणार नाहीत, उद्या या म्हणतील. तू तिथेच खुर्ची ओढून बस. मिळालं की फोटो काढून मला व्हॉट्सॲप कर, बेरजा मी करून देतो. आणि देणगीदार साहेबांशी परस्पर वाद घालू नकोस, त्यांच्याकडे मला घेऊन चल. त्यांचे वडील खेड्यातले मिशन शाळेचे मास्तर होते, मी त्यांना ओळखायचो. ऑडिटोरियमच्या निम्म्या पैशात रीडिंग हॉल होतो आणि उरलेले बँकेत ठेवले तर व्याजावर रात्री अकरापर्यंत बसणारे अटेंडंट मिळतात, हे मी त्यांना समोर बसून सांगेन. नाव वडिलांचंच द्यायचं.

तुझा,
अंकल